लेझर, स्टेपलर की कापून?

सहा वर्षं मी मूळव्याध इसबगोल, सुरणाची भाजी आणि गप्प बसणं यांवर काढली. कोंब आधी आपले आपण आत जायचे, नंतर बोटाने ढकलावे लागायला लागले. बायकोलाही बोललो नव्हतो. रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन नऊवर आलं तेव्हा लपवणं संपलं.

पहिल्या दवाखान्यात तपासायच्या आधीच 'लेझर करू, टाके नाहीत, संध्याकाळी घरी' असं सांगून पॅकेजचा कागद हातात दिला. उठून आलो.

दुसऱ्या सर्जननी आधी दुर्बिणीने मोठं आतडं बघायला लावलं. रक्त दरवेळी मूळव्याधीचंच असतं असं नाही म्हणाले. ते स्वच्छ निघालं. मग प्रॉक्टोस्कोपने, म्हणजे गुदद्वारातून आत बघायच्या छोट्या नळीने, तपासून सांगितलं, तिसरी पायरी, म्हणजे ढकलल्यावरच कोंब आत जातो, एका बाजूला चौथी, म्हणजे आत जातच नाही, शिवाय बाहेरची कातडी लोंबतेय. कागदावर गुदमार्ग काढून मधोमध एक रेघ मारली. या रेघेच्या वर चिमटा काढला तरी फारसं कळत नाही, खाली काढला तर ओरडाल. स्टेपलर वरच्या भागात अस्तराचा गोल पट्टा कापून पिना मारतो, कोंब वर ओढले जातात, म्हणून कमी दुखतं. पण बाहेरची कातडी तशीच राहते. लेझर कोंबाला आतून उष्णता देऊन आकसवतो. माझ्याएवढ्या वाढलेल्या कोंबांना ते पुरणार नाही. कापून काढणं जुनं, सगळ्यात दुखरं, पण पुन्हा होण्याचं प्रमाण त्यात सगळ्यात कमी.

माझ्या मेहुण्याने स्टेपलर करून घेतला होता. पाचव्या दिवशी स्कूटरवर! दोन वर्षांनी मात्र कोंब परत आला. मी कापून घेतलं.

भूल कमरेतून दिली, ऑपरेशन कळलंच नाही. रात्री लघवी अडकली, नळी घालावी लागली. याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशीचं पहिलं शौच! जखमेवर ठेचा चोळावा तसं. दार बंद करून रडलो, मेहुण्याचा हेवाही केला. त्यानंतर दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं, रात्री शौच मऊ ठेवणारं लॅक्टुलोजचं औषध. तीन आठवडे रजा, जखम पूर्ण भरायला सहा.

परवा मेहुण्याचा फोन आला. 'भाऊजी, खरं सांगा, किती दुखतं?' खरं ते सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग टब केवढ्याला मिळाला ते विचारलं.