आमची वाटचाल: कर्वेनगरातलं एक मेडिकल

काही औषधांच्या दुकानांवर पाटी असते तशी वीस टक्के सूट आमच्याकडे मिळत नाही, हे आधीच सांगून टाकते. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला 16 टक्के मार्जिन धरलेलं असतं. त्यातून 20 टक्के सूट कशी काढायची, हे गणित माझ्या बी. कॉम. झालेल्या भावालाही आजवर सुटलेलं नाही. तरी पुण्यात कर्वेनगरातलं आमचं मेडिकल 2003 पासून चालू आहे. ते कशावर चालतं, हे पुष्कळ जण विचारतात, विशेषतः नवीन डी. फार्म. (फार्मसीची पदविका) झालेली मुलं.

मी बी. फार्म., काही वर्षं एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. भाऊ सदाशिव पेठेत औषधांच्या होलसेलरकडे हिशेब लिहायचा. औषधविक्रीचे, म्हणजे फॉर्म 20 आणि 21 वरचे, परवाने माझ्या फार्मासिस्ट म्हणून असलेल्या नोंदणीवर मिळाले, पहिला माल त्याच्या ओळखीवर उधारीत आला. सुरुवातीची वर्षं इतरांसारखीच गेली: संपत आलेल्या मालाची वही, कंपन्यांचे प्रतिनिधी (एमआर), 'इतक्यावर इतके फुकट' अशा स्कीमचा माल, मुदत संपलेला माल परत घ्यायला स्टॉकिस्टची मनधरणी. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2012 च्या सुमारास, महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त असताना, दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर आहे का याची राज्यभर कडक तपासणी सुरू झाली. व्यवसायात खूप आरडाओरड झाली. मला मनातून बरंच वाटलं. फार्मासिस्टशिवाय औषध द्यायचं नाही हे 1948 च्या फार्मसी कायद्यातच आहे. भिंतीवर सर्टिफिकेट टांगून माणूस दुसरीकडे नोकरीला, हा प्रकार आमच्याच लोकांनी रूढ केला होता. मी तर रोज काउंटरवर असायचेच. मग विचार आला, नुसतं हजर राहून मी करते काय? चिठ्ठी वाचून डबा काढायला तर सहा महिन्यांत कोणीही शिकतं.

तेव्हापासून आम्ही औषध देताना प्रश्न विचारायला लागलो. कोणासाठी? वय काय? आणखी काय चालू आहे? आधी कशाची रिअ‍ॅक्शन आली होती? गिऱ्हाईक वैतागायचं. "अहो ताई, गोळ्या द्या, चौकशी कसली?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे वायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, बहुतेक 40 युनिटची (एका मिलीलिटरमध्ये 40) असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटची सिरिंज नारिंगी टोपणाची. 40 च्या वायलमधलं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर पोटात जातात फक्त 8 युनिट. उलट झालं, म्हणजे 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजने घेतलं, तर 20 च्या जागी 50, आणि साखर एकदम उतरून माणूस घामाघूम होऊन पडतो. त्यामुळे आमच्याकडे कोणी नुसती "सिरिंज द्या" म्हणालं, तर आधी वायलचा फोटो बघायचा, मग हात लावायचा.

दुसरं औषध मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्याच्या पाकिटावर आम्ही "फक्त सोमवारी" असं ठळक मार्करने लिहितो. वार डॉक्टर सांगतील तो. घरच्या माणसाकडून ते मोठ्याने वाचून घेतो. लोकांना हे पोरकट वाटतं. वाटू दे.

स्ट्रिप कापतानाही नियम आहे. बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा सर्वांत शेवटी विकायचा आणि सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर मुदत हाताने लिहायची.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पिशवी तपासणीचा. दुपारी एक ते चार पुण्यात रस्त्यावर चिटपाखरू नसतं, याची सगळे चेष्टा करतात. आम्ही तीच वेळ धरली. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायची, मी एकेक बघून यादी करते. आमच्या भागात मुलं परदेशी आणि आईवडील इथे, अशी घरं खूप. एका आजोबांच्या पिशवीत टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध दोन नावांनी निघालं: एक त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचं, दुसरं हॉस्पिटलातून घरी सोडताना लिहिलेलं. आजोबा दोन्ही घेत होते आणि चक्कर येते म्हणून तिसऱ्या गोळीची चौकशी करायला आले होते. आम्ही कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करत नाही. यादी लिहिली, डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक थांबवली. सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि अंगदुखीची गोळी, तिन्हींत पॅरासिटामॉल, असं तर नेहमीच सापडतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकाच घोटात घेणाऱ्या काकूही खूप. त्यांना चार तासांचं अंतर समजावलं की निम्मं काम झालं.

2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलं गेलं. त्याचे पैसे मात्र आम्हाला कोणी देत नाही.

गिऱ्हाईक तुटलंही. 2014 पासून शेड्यूल एच-1, म्हणजे जास्त कडक नियमांखाली विकायच्या औषधांची यादी, लागू झालं. त्यातल्या अँटिबायोटिक्स, टीबीच्या आणि सवय लागणाऱ्या काही औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. "मागच्या वेळचंच द्या, दोन गोळ्या" म्हणणाऱ्याला नाही म्हटलं की तो पुढच्या दुकानात जातो आणि पुन्हा साबण घ्यायलाही येत नाही. काही डॉक्टरांनाही अक्षर लागत नाही म्हणून केलेला फोन आवडत नसे. आता त्यांचेच कंपाउंडर आधी फोन करून विचारतात, अमुक ब्रँड नसेल तर त्याच औषधाचा दुसरा कोणता आहे.

हा असा धंदा वाढतो सावकाश. पण बीपी-शुगरची महिन्याची औषधं नेणारी घरं टिकली, आणि दुकानाचं भाडं त्यांच्यावरच निघतं. दोन तरुण फार्मासिस्ट आता पगारावर आहेत.

सध्या शेजारचा गाळा रिकामा झालाय. भावाला तिथे डायपर आणि बेबी फूड मांडायचंय. मला एक टेबल, दोन खुर्च्या आणि बंद होणारं दार हवंय, कारण झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्यांबद्दल चार लोकांसमोर कोणी विचारत नाही. डिपॉझिटचा आकडा ऐकल्यापासून दोघेही जरा गप्प आहोत. तोवर पिशवी तपासणी काउंटरच्या कोपऱ्यातच, दुपारी एक ते चार. येताना जुन्या चिठ्ठ्या आणाव्यात, आणि गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नयेत. नाव दिसलं नाही तर मलाही ओळखता येत नाही.