‘काटकसर’ची नोंद

शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या एका मराठी शब्दकोशाचे काम चालू असताना ‘क’ अक्षराच्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. बहुतेक शब्द पाहता पाहता हातावेगळे होत. ‘काटकसर’ने मात्र अख्खी दुपार खाल्ली. चिठ्ठीवर व्युत्पत्ती म्हणून ‘काटा + कसर’ असे लिहिले होते आणि अर्थ दिला होता ‘कंजूषपणा’. चिठ्ठी करणाऱ्या तरुण सहकाऱ्याचे म्हणणे असे, की तोलताना काट्यावर नजर ठेवायची आणि कपड्यालत्त्याला, कागदांना कसर लागू द्यायची नाही, म्हणजे काटकसर. ऐकायला हे इतके गोड होते की दोघातिघांनी माना डोलावल्या. इतक्या गोड व्युत्पत्तीची मला धास्तीच वाटते.

मी कसरीपासून सुरुवात केली. पुस्तके खाणारी कसर हा शब्द कोशात वेगळा नोंदवावा लागतो, कारण ‘ताप नाही, पण अंगात कसर आहे’, ‘प्रयत्नांत कसर ठेवली नाही’, ‘मागची कसर भरून काढली’ या वाक्यांत किड्याचा काही संबंध नाही. तिन्हींत उणेपणा आहे. ही कसर अरबी ‘कस्र’वरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. मूळ अर्थ मोडणे, तुटणे. अरबी गणितात अपूर्णांकालाही हाच शब्द आहे. ‘काट’ मात्र घरचा, ‘काटछाट’मधला. संस्कृत ‘कृत्’ म्हणजे कापणे, त्याचे प्राकृतात ‘कट्ट’ झाले, आणि आपली कातरही त्याच धातूची. म्हणजे कापणे आणि कमी करणे असे जवळजवळ एकाच अर्थाचे दोन शब्द, एक इथला आणि एक बाहेरून आलेला, शेजारी बसले. ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’, ‘बाजारहाट’, ‘थट्टामस्करी’ हे शब्द मी फळ्यावर लिहिले, तेव्हा काट्याचा आग्रह सहकाऱ्यानेच सोडला.

खरा वाद अर्थावर झाला. मी त्याला एवढेच सांगितले, की ‘मुलीच्या शिक्षणासाठी आईने कित्येक वर्षे काटकसर केली’ या वाक्यात ‘कंजूषपणा केला’ असे घालून पाहा. वाक्य व्याकरणात बसते, पण आईची कदर करणारे विधान तिच्यावरचा आरोप होऊन जाते. काटकसरीला पुढे काहीतरी दिसत असते, मग ते घर असो, शिक्षण असो की नुसता महिनाअखेर. कंजुषाला पैसा सुटू नये एवढेच हवे असते. ‘कृपण’ हा शब्द या बाबतीत अधिक बोलका आहे. संस्कृतात त्याचा अर्थ आधी दीन, कीव करण्याजोगा असा होता आणि त्यातून चिक्कू हा अर्थ आला. (चिक्कू, चिंगूस, कद्रू, कवडीचुंबक: निंदेसाठी आपली भाषा बरीच सढळ आहे. स्तुतीसाठी काटकसरीखेरीज हाताशी राहतो तो ‘मितव्यय’, आणि तो सहसा बोलण्यात येत नाही.)

इथे सहकाऱ्याने मला अडवले. कार्यालयीन परिपत्रकांत ‘काटकसरीचे उपाय’ असतात, तिथे कोणती आई आणि कोणते शिक्षण? तिथे रिक्त पदे भरली जात नाहीत, प्रवासभत्ता कमी होतो, आणि काटकसर ठरवणारा एक व झळ सोसणारा दुसरा असतो. हा मुद्दा बिनतोड होता. स्वतःच्या गरजांना आवर घालणे हा अर्थ त्या वापरात उरतच नाही. शब्दाचा पूर्वार्ध, नुसती काट, तेवढी उरते.

अखेर नोंद अशी ठरली: काटकसर, स्त्रीलिंगी, पहिला अर्थ ‘अनावश्यक खर्च टाळून जपून खर्च करणे’, दुसरा ‘संस्थेने खर्चात केलेली कपात’. ‘कंजूषपणा’ समानार्थी शब्दांतून वगळला. दुसऱ्या अर्थाचे उदाहरणवाक्य सहकाऱ्यानेच लिहिले, आणि ते आमच्याच कार्यालयाच्या ताज्या परिपत्रकातले होते.