दहा प्रश्न, पण नीट भरा

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी उगाच रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उभारी धरत नसेल, तर बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणारी एडिनबरो प्रश्नावली भरावी. १९८७ सालची ही प्रश्नावली ऑनलाइन पाच मिनिटांत होते: १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ३०.

उत्तरं आजच्या मूडवरून नाही, गेल्या ७ दिवसांवरून द्यायची. गुण स्वतः मोजत असाल तर १, २ आणि ४ या प्रश्नांना वरून खाली ०, १, २, ३. बाकी सगळ्यांना उलटे, ३ पासून. इथेच बेरीज फसते. आणि कृपा करून एकटीनं भरा. शेजारी कुणी डोकावत असेल तर बोट आपोआप बऱ्या दिसणाऱ्या उत्तरावर जातं.

१३ किंवा जास्त गुण म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांना नक्की दाखवा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. भास होऊ लागले, झोपेची गरजच वाटेनाशी झाली, तर ऑनलाइन उत्तराची वाट पाहू नका. घरच्यांनी बाळंतिणीला थेट इस्पितळात न्यावं.