26 नावांची वही

राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडाचे चिरे काढणाऱ्या एका खाणीत मी सहा हंगाम हिशेब लिहिला. मुनीम म्हणजे बैठं काम, असं लोक समजतात. पण माझा दिवस उन्हात, चिऱ्यांच्या थप्प्यांमधून फिरण्यात जायचा. मशीन रुळांवरून पुढे-मागे जात आधी उभे काप घेतं, मग आडवे, शेवटी पातं तळातून फिरतं. त्यानंतर पहार घालून चिरा सुटा करायचा. 14 बाय 9 बाय 7 इंचांचा एक चिरा तीसेक किलो भरतो. ताजा जांभा नरम असतो, वारं लागेल तसा तो कडक होत जातो. म्हणून पहिली उचल नाजूक हाताची लागते, नाहीतर कोपरा उडतो. कोपरा उडालेला, मातीची शीर गेलेला चिरा मी बाद करायचो. ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, साधारण 195 चिरे. माझी मोजणी कुणी खोटी ठरवली नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

मजूर विजापूरकडचे. दसऱ्याच्या सुमारास मुकादम गावातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटतो आणि जोड्या आणतो. जोडी म्हणजे नवरा-बायको. एक पहार घालतो, एक चिरा वाहतो. वहीत नाव मात्र एकच असतं, नवऱ्याचं. त्या वर्षी, म्हणजे 2019 ला, वहीत 26 नावं होती.

त्यातल्या एकाच्या पायावर होळीच्या आधी चिरा पडला. पंजा मोडला, तो गावी गेला. बायको राहिली, कारण उचल फिटली नव्हती. ती दिराबरोबर काम करू लागली. मे महिन्यात, पावसाआधीच्या शेवटच्या हिशेबाला मुकादमाने नवऱ्याची सगळी बाकी तशीच ठेवली आणि होळीनंतरचे सगळे चिरे दिराच्या खात्यावर धरले. मुकादम त्यांच्याच गावचा. त्याच्याइतका निष्ठुर मालकही नव्हता.

ती पुढे आली आणि दूध पावडरचा डबा तिने माझ्या टेबलावर पालथा केला. आत जांभ्याचे खडे होते.

"दादा, शंभर चिऱ्याला एक खडा. मोज."

88 खडे निघाले. वहीत त्या दिवसांत दिराच्या नावावर 8,840 चिरे होते, म्हणजे रोज जवळपास एक ब्रास. पहार घालून एवढे चिरे एकटा माणूस वाहू शकत नाही, हे खाणीवरच्या पोरालाही कळतं. मुकादमाला कळत नव्हतं असं मी मानत नाही. दीर खाली बघत उभा होता.

मालकाने निम्मे चिरे तिचे धरले. त्यात बाकी फिटून थोडे पैसे हातात आले. मी वही उघडून तिच्या नावाचं पान घालू लागलो, तर मालक म्हणाला, "तिचं सुट्या कागदावर लिही. वहीत नको."

का ते मला तेव्हा उमगलं. जांभ्याची खाण 6 मीटरपेक्षा खोल नसेल, दिवसाला 50 पेक्षा जास्त माणसं नसतील आणि सुरुंग लावत नसतील, तर तेव्हाच्या 1952 च्या खाण कायद्यातल्या बहुतेक तरतुदी तिला लागू होत नव्हत्या. सुरुंग आम्ही लावत नव्हतो, खोली मी स्वतः टेपने मोजायचो. माणसं वहीप्रमाणे 26. खाणीत उतरायची 52. सहा हंगाम मी चिरे अचूक मोजले आणि माणसं निम्मी लिहिली. परराज्यातून आणलेल्या प्रत्येक मजुराला ठेकेदाराने फोटो लावलेलं पासबुक द्यावं, असं 1979 च्या कायद्यात होतं. तसलं एकही पासबुक मी कधी पाहिलं नाही, आणि कुणाकडे मागितलंही नाही.

मी सुट्या कागदावर लिहिलं. तिने अंगठा उठवला.

संध्याकाळी टेम्पो भरला. भांडी, कोंबड्या, पोरं, वर ताडपत्री. चढण्याआधी ती परत आली. पैसे तिने मोजून घेतलेच होते, त्याबद्दल काही बोलली नाही.

"दादा, माझं नाव वहीत लिहिलं ना?"

मी हो म्हणालो.