आउटबॅकमध्ये एकट्याने सायकल: बावीस लिटर पाणी आणि चार एमएमची ॲलन की

नाशिकमध्ये लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांना तोटा नाही. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आणि बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) ६०० किलोमीटरचं आता इथे कुणाला फारसं अप्रूप उरलेलं नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड भागात, एकट्याने जायचं म्हणणारा अधूनमधून भेटतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोज किती किलोमीटर होतील? हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की पाण्याच्या दोन खात्रीच्या ठिकाणांमध्ये अंतर किती आहे. मागे सपोर्ट गाडी नाही आणि वाटेत चहाची टपरीही नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने ऊडनाडाटा ट्रॅक निवडावा असं माझं मत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात मारी ते मार्ला, सुमारे ६२० किलोमीटर, सगळा कच्चा. मधे विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा ही दोनच वस्तीची ठिकाणं, आणि तिन्ही टप्पे जवळपास सारखे, दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटरचे. ही वाट मुळात पाण्याच्या मागे गेली आहे. जमिनीखालच्या ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी इथे झऱ्यांच्या रूपाने वर येतं. आदिवासींच्या जुन्या वाटा या झऱ्यांवरून गेल्या, १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारेची लाइन त्याच भागातून गेली आणि वाफेच्या इंजिनांची रेल्वेही तिथूनच गेली. रेल्वे १९८० मध्ये बंद झाली. रुळांआधी इथे माल उंटांवरून जायचा आणि उंटवाल्यांमध्ये बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडची माणसंही होती. या झऱ्यांचं पाणी खारट असतं आणि ते संरक्षित आहेत. हिशोबात ते धरायचे नाहीत.

हिशोब असा करायचा. भरलेल्या सायकलवर कच्च्या रस्त्याने दिवसाला ६५ ते ७० किलोमीटर, म्हणजे एका टप्प्याला तीन दिवस. जुलैत पिणं आणि स्वयंपाक धरून दिवसाला ६ लिटर, म्हणजे १८. त्यावर अडकून पडलो तर म्हणून ४. झाले २२ लिटर, २२ किलो. ऑफिसात उलटा ठेवतात तो जार आणि वर दोन बाटल्या, एवढं सायकलवर चढवायचं. दहा लिटरच्या मजबूत पिशव्या मिळतात, पण सगळं एकाच पिशवीत ठेवू नका. एक फुटली तरी निम्मं पाणी उरलं पाहिजे. वजन जमेल तितकं खाली आणि पुढे घ्या. सगळं मागच्या कॅरिअरवर लादलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वाळूत भरकटतं.

स्वतःला किती पाणी लागतं ते नाशिकमध्येच मोजता येतं. नांदगाव-येवल्याकडच्या उघड्या रस्त्यावर दोन तास चालवायचं, आधी आणि नंतर वजन करायचं. मधे प्यालेलं पाणी घटलेल्या वजनात मिळवलं की घामाचा आकडा मिळतो, एक किलोला एक लिटर. आउटबॅकच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, अंग ओलं होत नाही, म्हणून तहान लागेपर्यंत थांबू नये. जायचं ते मेअखेर ते ऑगस्ट, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात. उन्हाळ्याचा विचारसुद्धा नको. ऊडनाडाटाला जानेवारी १९६० मध्ये ५०.७ अंशांची नोंद आहे. हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, तेव्हा स्लीपिंग बॅगवर पैसे वाचवू नका. वारा या काळात बहुतेक आग्नेयेकडून असतो, म्हणून मारीहून मार्लाकडे जावं, उलट नाही.

आता रस्ता. सुकी सैल खडी, त्यावरून वेगाने जाणाऱ्या गाड्या. चाक उडतं, पुढे आपटतं, पुढची गाडीही तिथेच आपटते आणि रस्त्यावर हात-दोन हातांवर आडव्या लाटा तयार होतात. गाडी ८० च्या वेगाने त्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते, सायकल मात्र प्रत्येक खळग्यात उतरते. कडेची पट्टी बहुधा जरा गुळगुळीत असते. सव्वादोन इंची टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवली तर हाडं वाचतात. त्याहून कमी केली तर एवढ्या वजनाखाली ट्यूब रिमला चिमटते.

ही धडधड सगळ्यात आधी बोल्ट सैल करते. कॅरिअरचे बोल्ट बहुतेक एम-५ असतात, त्यांना चार एमएमची ॲलन की लागते. निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि रोज संध्याकाळी तंबू ठोकायच्या आधी सगळे तपासा. सैल बोल्ट नुसता पडत नाही. कॅरिअर हलायला लागतं आणि बोल्ट फ्रेमच्या आटीतच तुटून बसतो. तो तिथे निघत नाही, मग होज क्लिप आणि झिप टायवर निभवावं लागतं. सातपूर-अंबडला नटबोल्टची दुकानं आहेत, तिथून ८.८ ग्रेडचे सहा-आठ जास्तीचे घ्या. कॅरिअर स्टीलचंच बरं. तुटलं तर एखाद्या गुरांच्या फार्मवर वेल्डिंग होऊ शकतं, ॲल्युमिनियमचं होत नाही.

दुसरा नंबर स्पोकचा, आणि तुटतो तो नेमका मागच्या चाकाचा, कॅसेटच्या (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचा. चाक ३६ स्पोकचं, हाताने बांधलेलं घ्या. सामान लादून दोन-तीनशे किलोमीटर चालवा, मग पुन्हा आऊट काढून घ्या, कारण नवे स्पोक बसायला वेळ लागतो. जास्तीचे दहा स्पोक न्यावेत, पण लांबी मोजून: पुढचे, मागचे डावे आणि मागचे उजवे वेगवेगळे असतात. कॅसेट काढायचं छोटं टूल नसेल तर त्या बाजूचा स्पोक घालताच येत नाही. अशा वेळी केव्हलारच्या दोरीचा तात्पुरता स्पोक कामाला येतो.

पंक्चरचं कारण मात्र ओळखीचं. आपल्याकडच्या माळावरचा सराटा तिकडेही उगवतो. मुक्कामासाठी रस्ता सोडताना सायकल ढकलू नका. सामान काढून उचलून न्या. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की वाळते, म्हणून दोन छोट्या न्याव्यात.

हाच सराटा नाशिकहून टायरमध्ये रुतून गेला तर तिकडच्या विमानतळावर अडवतील. टायर, चेन, बुटांचे तळवे, तंबूच्या खुंट्या, सगळं ब्रशने घासून मातीचा कण न ठेवता न्यायचं आणि फॉर्मवर खरं लिहायचं. खाणं घरून नेण्यात अर्थ नाही, ॲडलेडच्या भारतीय दुकानांत डाळ-तांदूळ मिळतात. मुगाची डाळ दुपारीच बरणीत भिजत घातली की रात्री इंधन आणि पाणी दोन्ही वाचतं.

पाऊस पडला तर थांबायचं. चिकणमाती मडगार्डमध्ये भरून चाक जागच्या जागी अडकतं. जूनमध्ये निफाडच्या काळ्या रानात सायकल घालून बघितली तर कळेल. मडगार्ड घरीच ठेवा. रस्ता बंदचा बोर्ड असताना गेलात तर दंड होतो, म्हणून दोन दिवसांचं खाणं जास्तीचं हवं.

दोन वस्त्यांच्या मधे मोबाइलला रेंज नसते. इमर्जन्सी बीकन (बटण दाबलं की उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र) भाड्याने घ्या आणि परतायच्या आधी तिथेच देऊन टाका. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर विकत घेऊन भारतात आणू नका, परवान्याशिवाय तो बाळगणं इथे गुन्हा आहे. बीकन दाबलं की सायकलपासून हलायचं नाही; वरून माणसापेक्षा सायकल आणि तंबू लवकर दिसतात.

मार्लाला स्टुअर्ट हायवे लागतो आणि तिथे ५३ मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, धावतात. समोरून एक आणि मागून एक येताना दिसली तर सरळ रस्त्याखाली उतरा. तिथून दक्षिणेला परतताना वारा तोंडावर येतो, त्यामुळे बसने आलेलं बरं. सायकल घेतात का, खोक्यात लागते का, हे ॲडलेडहून निघतानाच विचारून ठेवा. मार्लात खोकं मिळेलच असं नाही.