तुम्ही विचारलंत म्हणून: ह्या शिरेचं वय काय?

मी जिऑलॉजी शिकलोय कळलं की लोक आधी सोनं कुठे सापडेल ते विचारतात, मग दगडातली ही शीर, म्हणजे भेगेत भरलेली खनिजांची पट्टी, किती जुनी ते कसं कळतं हे. पहिल्याचं उत्तर माहीत असतं तर इथे टाइप करत बसलो नसतो, दुसऱ्याचं सांगतो.

वितळलेला धातू भेगेत ओतला आणि थिजला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बहुतेक शिरा पाण्याने बनवल्यात. खोलवर 200-300 डिग्रीचं खारं पाणी दाबामुळे न उकळता खडकातून फिरत असतं, वाटेत थोडाथोडा धातू विरघळवून घेतं, शिसं-जस्त क्लोराइडला धरून, सोनं बहुतेकदा गंधकाला धरून. मग फॉल्ट, म्हणजे खडकातली मोठी तड, सरकतो, भेग उघडते, दाब धाडकन पडतो, पाणी उकळतं, गंधक वायू होऊन निसटतं आणि सोन्याला धरून ठेवणारं कोणी उरत नाही, ते गारगोटीसोबत तिथेच बसतं. भेग बुजते, दाब साठतो, परत फुटते. एकाच शिरेत म्हणूनच पट्टे दिसतात, आणि वय विचारलं की मी विचारतो, कुठल्या पट्ट्याचं?

आता गंमत अशी की वय मोजायला घड्याळ लागतं, म्हणजे ठराविक वेगाने दुसऱ्यात बदलत जाणारं मूलद्रव्य, आणि सोन्यात सहसा वापरता येईल असं घड्याळ नसतं, म्हणून शेजारच्या खनिजांकडे चौकशी करायची. माझा लाडका शेजारी मॉलिब्डेनाइट, मॉलिब्डेनम आणि गंधकाचं खनिज, पेन्सिलीच्या शिशासारखं चकचकीत. बनताना ते ऱ्हेनियम हा धातू आत घेतं, ऑस्मियम हा दुसरा धातू जवळपास नाहीच, त्यामुळे आज आत जे ऑस्मियम-187 सापडतं ते ऱ्हेनियम-187 पासूनच झालेलं. अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं अर्धं बदलायला लागणारा वेळ, साधारण 4,160 कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या तिप्पट, घाई अजिबात नाही.

अभ्रक पण चालतं, त्यात पोटॅशियम-40 चा आर्गॉन होतो, पण आर्गॉन पडला वायू, नंतर कधी खडक चांगला तापला की पळून जातो आणि घड्याळ शून्यावर. मी ह्यात एकदा फसलोय, शिरेचं वय म्हणून जे आनंदाने सांगितलं ते नंतरच्या तापण्याचं निघालं.

काहीच नसेल तर जुनाच उपाय, कोणी कोणाला कापलंय ते बघायचं. शिरेने ग्रॅनाइट कापला तर शीर नंतरची, डाइकने, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या लाव्ह्यासारख्या खडकाच्या भिंतीने, शीर कापली तर आधीची, मग ग्रॅनाइट आणि डाइक दोन्हीतल्या झिरकॉन ह्या बारीक खनिजाचं युरेनियम-लेड वय (युरेनियमचं किती शिसं झालं त्यावरून) काढायचं, शीर मधे कुठेतरी. ते मधलं अंतर कधी कधी काही कोटी वर्षांचं निघतं, आणि रिपोर्टात तेवढंच लिहावं लागतं.