"मॅडम, तो दुसरा कधी येतो?"

खुर्चीत टेकता टेकताच काकांनी विचारलं. मला काही उमगेना. मुलाच्या केसपेपरवर 'स्किझोफ्रेनिया' लिहिलेलं होतं. भाच्याने मोबाईलवर अर्थ शोधून दिला होता: दुभंगलेलं मन. झालं! घरातली विळी, कोयता कुलपात गेले आणि मुलाच्या अंगातला 'दुसरा माणूस' कधी उठतो, या धास्तीने काका रात्र रात्र जागायला लागले. मुलगा शेजारीच बसला होता, खाली मान घालून शर्टाचं बटण पिळत.

मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत समुपदेशक आहे. हा गैरसमज आमच्याकडे नेहमीचा, आणि मला त्या शब्दाचा खरंच राग येतो. १९०८ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो मांडला. त्याचं मूळ ग्रीक: पहिल्या भागाचा अर्थ चिरणं, दुसऱ्याचा मन. त्याआधीचं नाव होतं 'अकाली बुद्धिभ्रंश'. ब्लॉयलरना ते पटत नव्हतं, कारण सगळ्याच रुग्णांची बुद्धी काही ढासळत नाही. विचार, भावना, इच्छा यांची एकमेकांशी सांगड सुटते, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. एका देहात दोन माणसं, असं नव्हे.

काका गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. म्हटलं, "टाळ आहे, वीणा आहे, पखवाजही आहे, पण ताल जुळत नाही, तसं झालंय. माणूस तोच आहे."

ते बराच वेळ मुलाकडे बघत राहिले. मग त्यालाच विचारलं, "तुला होतं तरी काय रे?"

"दोन बायका बोलतात. मी काय करतोय ते एकमेकींना सांगत बसतात. जेवायला बसलो, की जास्तच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच घाबरल्यासारखे दिसत होता, दादा."

पुढचा अर्धा तास आम्ही त्या आवाजांबद्दलच बोललो. गोळ्या कशासाठी, त्या मनाने का बंद करायच्या नाहीत, झोप किती महत्त्वाची, सगळं काकांनी दोनदा विचारून घेतलं.

जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ 'मन फाटण्याचा रोग' असाच होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ मध्ये ते बदलण्याची मागणी केली, आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने बदललंही. मराठीतली 'छिन्नमनस्कता'ही बदलायला हवी, आणि नवं नाव ठरवताना या काकांसारख्यांना बैठकीत बसवायला हवं.